लिबजीएल शोधून देणाऱ्या ताईंचे आभार

मित्राच्या ओळखीतल्या त्या ताईंना मी कधी भेटलेलो नाही. तरी परवा रात्री त्या दीड तास माझ्यासाठी फोनवर होत्या.

लिनक्सवर एक जुना गेम सुरू करत होतो. क्लिक केलं की काहीच नाही. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) म्हणे, 'लिबजीएल' ही गेमला चित्र दाखवायला लागणारी लायब्ररी-फाइल सापडत नाही. अहो, फाइल तर डोळ्यांसमोर होती! मग मीच शहाणपणा करून ती गेमच्या फोल्डरमध्ये टाकली, तर 'एल्फ क्लास चुकीचा', म्हणजे फाइलचा प्रकार जुळत नाही, ही नवी तक्रार.

ताई हसल्या नाहीत. आधी ती फाइल काढायला लावली. मग 'एलडीडी' (प्रोग्रॅमला कुठल्या लायब्ररी लागतात ते दाखवणारी कमांड) चालवून 'नॉट फाउंड'च्या ओळी वाचायला सांगितल्या. गेम ३२-बिट, माझी लायब्ररी ६४-बिट. नाव एक, माणसं दोन. मग मेसाची (लिबजीएल पुरवणाऱ्या ग्राफिक्स सॉफ्टवेअरची) ३२-बिट पॅकेजेस टाकायची होती. पॅकेजच्या नावाला शेवटी जोडायचं 'कोलन आय३८६', म्हणजे ३२-बिटची खूण, मी दोनदा विसरलो. एंटर दाबण्याआधी त्या प्रत्येक कमांड समजावून सांगायच्या आणि मी वहीत उतरवून घेईपर्यंत शांत थांबायच्या.

ताई, वही जपून ठेवलीय. मनापासून आभार. पहिल्याच लेव्हलला हरलो, पण तो दोष लायब्ररीचा नाही.