कोकणकड्याची रात्र मोकळी ठेवा: वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सप्रेम नमस्कार.

हरिश्चंद्रगडावर मी वीस वर्षं जातो आहे. बहुतेकदा पाचनईहून, कधी खिरेश्वरकडून तोलारखिंड चढून. खिंडीतल्या दगडी वाघाला हात लावल्याशिवाय पाऊल पुढं पडत नाही. वर केदारेश्वराची गुहा आहे. चारांपैकी एकच खांब शाबूत आणि शिवलिंगाभोवती हाडं गोठवणारं पाणी. तरी पाय ओढ घेतात ते कोकणकड्याकडंच. आत वळलेला तो अर्धगोल कडा पोटावर पडून पाहायचा, उभ्यानं डोकवायची छाती होत नाही. पावसाळी सकाळी ऊन पाठीशी आणि दरीत धुकं असलं, तर समोर पूर्ण गोल इंद्रधनुष्य उमटतं आणि मधोमध आपली सावली. हेच इंद्रवज्र. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३५ साली त्याची नोंद केली. मला ते एकदाच दिसलं.

गेल्या डिसेंबरात एका शनिवारी मुक्कामाला होतो. कड्याला खेटून तंबूच तंबू, मध्यरात्र उलटली तरी स्पीकर चालू, जागोजागी शेकोट्या. जळत होती कारवी. जिच्या काठ्यांवर आमच्या डोंगरातल्या घरांचे कूड उभे राहिले, ती ही कारवी साधारण सात वर्षांतून एकदा फुलते, बी टाकते आणि मरते. त्याआधीच तोडली तर बी पडणार कुठून?

साहेब, हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. धोका होईल अशी आग पेटवायला १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ३० नं मनाई आहेच. नवा कायदा मागत नाही. कड्याच्या पठारावर तंबू आणि शेकोटी पूर्ण बंद करा, मुक्काम पाचनई-खिरेश्वरातल्या घरांतच होऊ द्या.

वर तंबू लावणारी बरीच मंडळी याच गावांतली आहेत, त्यांच्या पोटावर पाय येता कामा नये. दिवसा त्यांची पिठलं-भाकरी, सरबत वर चालू राहू दे. रात्रीचे पाहुणे त्यांच्या घरी उतरू देत. आणि गस्तीला त्यांच्याच पोरांना पगार देऊन नेमा. गडाची प्रत्येक वाट त्यांना अंधारातही ठाऊक आहे.

तंबूंची गर्दी पावसाळा सरला की सुरू होते. आदेश त्याआधी निघाला, तर लोकांना चढायच्या आधी पायथ्यालाच सांगता येईल.

आपला,
एक डोंगरभटक्या