घरमालकीणबाईंचे पांढरे हातमोजे

टस्कलूसा, अलाबामा
23 ऑगस्ट 2025

ती. आई-बाबांस आणि आजीस,
शि. सा. नमस्कार.

आधी हे की मी बरी आहे आणि वेळेवर जेवते. आई, व्हिडिओवर माझी गालफडं बसलेली दिसली ती डोक्यावरच्या दिव्यामुळे. वजन उलट वाढलंय. बाबा, वादळांचा मोठा हंगाम मार्च ते मे असतो, तो कधीच सरला. रात्री प्रयोगशाळेतून एकटी येत नाही, कुणीतरी सोबत असतंच. उशीर झालाच तर तिथेच थांबते. म्हणजे रोज नाही थांबत.

गणपती चार दिवसांवर आले. मूर्ती ठरवली असेलच. मी इथे सुपारीवर भागवणार आहे, मोदक मात्र करणार. गोठवलेलं खवलेलं खोबरं मिळतं, तेव्हा काळजी नको.

आता त्या व्हिडिओचं. दादाने ग्रुपवर टाकलेला, एकसारख्या कपड्यांतल्या मुली दारात दाटीने उभ्या राहून टाळ्या पिटत ओरडताहेत तो, हो, आमच्याच विद्यापीठाचा आहे. त्यात मी नाही. मला जायचंही नाही, आणि पीएचडीवाल्यांना तिथे कुणी बोलावतही नाही. हा सगळा अठरा-एकोणीसच्या मुलींचा प्रकार. आत्याने ‘हिच्या कॉलेजात अभ्यास कधी असतो’ असं विचारलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तिलाही वाचून दाखवा.

इथे मुलींची मंडळं असतात, त्यांना सोरोरिटी म्हणतात. नावं ग्रीक अक्षरांची, ग्रीसशी संबंध काही नाही. प्रकार जुना आहे. 1870 साली इंडियानातल्या एका कॉलेजात मुलींना नुकताच प्रवेश मिळू लागला होता. मुलग्यांच्या मंडळातल्या एकाने एकीला बिल्ला लावायला देऊ केला, पण सभासद करून घेईनात. मग तिने आणखी तिघींना घेऊन स्वतःचंच मंडळ काढलं, कप्पा अल्फा थीटा. आता अशी 26 मंडळं एका राष्ट्रीय परिषदेत आहेत, आणि आमच्याकडे एकेका मंडळाचं घर म्हणजे पांढऱ्या खांबांचा वाडा. आपल्या वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यापेक्षा नवा, पण मिजास जास्त.

तर ऑगस्टात, वर्ग सुरू होण्याआधी, भर उन्हात सभासद निवडतात. याला रश म्हणतात. हल्ली अडीच हजारांहून जास्त मुली उतरतात. त्यांनी गटागटाने घरोघर जायचं. प्रत्येक घरात थोडा वेळ गप्पा, तेवढ्यात दुसरी मुलगी येऊन पहिलीला बाजूला करते, मग तिसरी. मुलगे, दारू, धर्म, पैसा आणि राजकारण हे पाच विषय काढायचे नाहीत, असा अलिखित नियम. मग उरतं काय? ‘कुठली गं तू’ आणि कुत्र्याचं नाव. त्यावरून रात्री घरवाल्या नावं गाळतात, आणि मुलीही घरांची पसंती लावतात. दुसऱ्या फेरीत कमी घरं, त्याच्या पुढच्या फेरीत आणखी कमी. शेवटच्या फेरीत दिवे मंद करून मेणबत्त्या लावतात आणि बऱ्याच जणी रडतात. मग दोन्ही याद्या संगणक जुळवतो. रविवारी सगळ्या मुली फुटबॉलच्या स्टेडियममध्ये जमतात, एक लाख माणसं बसतील एवढं ते, आणि एकाच वेळी पाकिटं फोडून आपापल्या घराकडे धावत सुटतात. मागच्या रविवारी मी किराणा घेऊन परत येत होते, रस्ते बंद. तासभर दुधाची पिशवी घेऊन उभी होते, दूध नासलं.

आजी, तुला एका वाक्यात सांगते: कांदेपोहेच, फक्त बघणाऱ्याही मुलीच.

हे मला नीट समजलं ते घरमालकीणबाईंमुळे. त्यांनी 1965 साली रश केलं होतं. परवा आम्ही दोघी मागच्या ओसरीवर वाल सोलत बसलो होतो (इथेही वालासारखा दाणा असतो, चपटा आणि गोडसर, बिरड्याची सर नाही), तेव्हा आपणहून बोलायला लागल्या. त्या वेळी हातमोजे पांढरे, टोपी, टाचांचे बूट आणि पायात लांब मोजे, अलाबामाच्या ऑगस्टात! हातमोज्याला घामाचा डाग पडला की संपलं, म्हणून पर्समध्ये दुसरा जोड. त्यांच्या आईने उन्हाळाभर शिवणयंत्रावर कपडे शिवले होते. पण खरं काम कपड्यांचं नव्हतं, चिठ्ठ्यांचं होतं. गावातल्या ज्या बायका पूर्वी त्या मंडळात होत्या, त्यांनी ‘मुलगी चांगल्या घरची आहे’ असं लिहून पाठवायचं. त्यासाठी आई केक घेऊन दारोदार फिरली. आजी किंवा आई सभासद असेल तर निम्मं काम झालेलं. घरांतून गार सरबत, चीजच्या कुरकुरीत काड्या, आणि मुलींनी रचलेली नाटुकली. बाईंना त्यातल्या एका गाण्याच्या ओळी अजून येतात, आणि त्यांनी म्हणून दाखवल्या. आवाज चांगला आहे. मलाही मजा आली, खोटं कशाला सांगू.

त्यांच्यासोबत खोलीत राहणाऱ्या मुलीला मात्र पाकीट आलं नाही. वडिलांचा पेट्रोल पंप होता, चिठ्ठी लिहिणारं कुणी नव्हतं. वडील ट्रक घेऊन आले आणि घेऊन गेले. ती दुसऱ्या कॉलेजात शिकली, म्हणे. पुढच्या वर्षी बाई स्वतः निवडणाऱ्यांत बसल्या. रात्रभर बैठक चालायची आणि त्यांच्या घरात एकीने नाही म्हटलं की नाव गेलं, कारण विचारायचं नाही. ‘तुम्ही कधी नाही म्हणालात?’ मी विचारलं. म्हणाल्या, ‘मी कधी हो सुद्धा म्हणाले नाही. गप्प बसायची.’ आणि वाल सोलत राहिल्या.

मग मी विचारायला नको होतं ते विचारलं, काळ्या मुली यायच्या का. या विद्यापीठाच्या दारात 11 जून 1963 ला राज्याचा गव्हर्नर, जॉर्ज वॉलेस, व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड या दोघांना आत येऊ द्यायचं नाही म्हणून उभा राहिला होता. राष्ट्राध्यक्ष केनेडींनी राज्याचं राखीव सैन्य (नॅशनल गार्ड) आपल्या हुकमाखाली घेतल्यावर हटला. ती इमारत माझ्या बसच्या वाटेवर आहे. वर्ग तेव्हा उघडले, पण हे पांढऱ्या खांबांचे वाडे नाही. 2013 मध्ये विद्यार्थ्यांच्याच वर्तमानपत्राने छापलं की उत्तम गुण असलेल्या काळ्या मुलीला घ्यायला आतल्या मुली तयार होत्या, जुन्या सभासद बायकांनी अडवलं. देशभर बोभाटा झाला, विद्यापीठाच्या अध्यक्षांनी निवड पुन्हा उघडायला लावली, तेव्हा कुठे काही काळ्या मुली आत गेल्या. 2013, आई! मी तेव्हा दहावीत होते. बाईंनी उत्तर दिलं ते असं: ‘आमच्या वेळी त्या यायच्याच नाहीत, त्यामुळे नाही म्हणायचा प्रसंगच आला नाही.’ हे त्या अगदी सरळपणे म्हणाल्या. त्याच बाई मला ताप आला तेव्हा सूप करून वर घेऊन आल्या होत्या, गुडघे दुखत असताना. मला दोन्ही एकाच बाईत बसवता येत नाही. बाबा, आपल्या आळीतही कोणाला ओसरीवरच बसवायचे हे आठवतं, तेव्हा मी फार शहाणपणा केला नाही.

गंमत म्हणजे यंदा त्यांची नात रशला उतरली. 2020 नंतर बऱ्याच मंडळांनी आई-आजीच्या नात्याचा वशिला काढून टाकलाय. बाईंच्या जुन्या मंडळाने तिला दुसऱ्याच फेरीत गाळलं. पोरीला दुसरं घर मिळालं, ती खूश आहे, फोटो पाठवतेय. बाई मात्र चार दिवस कुणाशी बोलत नाहीत. त्यांना चहा करून दिला, आपला, आलं घालून. ‘फार तिखट’ म्हणाल्या आणि संपवला.

असो. आत्याला सांगा, अभ्यास बुधवारपासून सुरू झाला.

दिवाळीचं लिहायचं टाळत होते. नाही जमणार. व्हिसाचा शिक्का नव्याने घ्यावा लागेल, आणि यंदा त्याच्या तारखांचं काही खरं नाही. तिकडे आले आणि परत इथे येता आलं नाही तर सगळंच अडेल, असं माझ्या गाइडचं मत पडलं. मी तिकिटं बघितली होती, हे खरं. पुढच्या वर्षी नक्की. तसं मागच्या वर्षीही म्हणाले होते, माहीत आहे, आठवण करून देऊ नका. आजी, गुडघ्याला तेल लावून घेत जा, वहिनी लावत नसेल तर मला सांग. नाही, सांगू नको.

आणि आई, ते कोल्हापूरकडचं स्थळ. डॅलसचा मुलगा आहे तर बोलायला माझी हरकत नाही, आपण भांडायला नको. पण साडीतला फोटो मी पाठवलेला नाही आणि पाठवणारही नाही. त्याच्या आईला आधी पत्रिका, मग उंची, मग फोटो, मग पगार अशा क्रमाने सगळं हवंय. मुलाने स्वतः फोन करावा, रविवारी सकाळी मी मोकळी असते. मावशीने बनवलेल्या माहितीत ‘वर्ण: गोरा’ लिहिलंय ती ओळ काढायला सांग. मी गोरी नाही, हे तिला लहानपणापासून माहीत आहे.

दादा-वहिनीस आशीर्वाद नव्हे, नमस्कार. छोट्याला गोड पापा.

तुमची लेक

ता. क. हप्त्याचे पैसे सोमवारपर्यंत खात्यात दिसतील. त्यात पंधरा हजार जास्तीचे आहेत, ते बाबांच्या मोतीबिंदूचे. गणपतीनंतर लगेच तारीख घ्या, ‘थंडी पडू दे’ नको. दादाने गाडीच्या टायरसाठी मागितले तर मी वेगळे बघते, या पैशांना हात लावू नका.