स्मरणिकेसाठी तुझं डोकं खातोय

प्रिय बाबल्या,

कसा आहेस रे? पोरगी शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये आली म्हणे, अभिनंदन! तो व्हिडिओ घरात सगळ्यांना दाखवला, आई म्हणते एवढी माणसं तर आमच्या जत्रेला पण नसतात.

इथे आपल्या हायस्कूलची स्मरणिका निघतेय आणि 'खेळ' हा भाग माझ्या गळ्यात मारलाय. फुटबॉल, कबड्डीबद्दल लिहायला ढीगभर लोक तयार आहेत, बास्केटबॉलचं नाव काढलं की सगळे गप्प. म्हणून म्हटलं आपणच लिहू, आणि जुनं वाचायला बसलो तर मजाच सापडली. गोव्यात फुटबॉल आणला फादर विल्यम लायन्सनी, 1883 साली, शिवोलीला. पुढे 1887 मध्ये त्यांनीच सेंट जोसेफ हायस्कूल काढलं, आता हडफड्याला आहे ते. आणि बास्केटबॉल? तो जन्मलाच 1891 च्या डिसेंबरात, तिकडे मॅसॅच्युसेट्समध्ये नेस्मिथ मास्तरांनी पीचच्या टोपल्या टांगल्या तेव्हा. म्हणजे हा खेळ अस्तित्वात यायच्या आधीच आपल्याकडे फुटबॉल येऊन आठ वर्षं झालेली, मग कुठे गाठणार सांग.

अजून एक ऐक. तिकडे अमेरिकेत तुझ्या इंडियानात हायस्कूलांची बास्केटबॉलची पहिली राज्य स्पर्धा झाली 1911 ला, आणि त्याच साली आपल्या फोंड्यात गोवा विद्याप्रसारक मंडळ उभं राहिलं. पणजीत मुष्टिफंड हे शाळेचं मंडळ 1908 चं, लोकांनी मूठमूठ तांदूळ बाजूला काढून चालवलेलं. 1910 ला पोर्तुगालात राजेशाही गेली, हिंदूंना जरा मोकळं झालं, मग अशा संस्था वाढल्या. तेव्हा आपल्या लोकांना आधी मुलांना मराठी वाचता यावं याची काळजी, रिंग आणि बोर्ड कोणाच्या डोक्यात येणार? कोर्ट दिसायचं ते जास्त करून पाद्रींच्या शाळांत, पणजीला डॉन बॉस्कोत वगैरे, आपण बाहेरून टकामका बघायचो.

पण बास्केटबॉल इथे मागे राहिला त्याचं खरं कारण मला पाऊस वाटतो. शाळा 2024 पर्यंत उघडायची जूनमध्ये, जून ते सप्टेंबर सिमेंटवर हे शेवाळ, ड्रिबल करायला गेलास की सरळ पाठीवर. फुटबॉलला चिखल चालतो, उलट पोरांना तोच आवडतो. ऑक्टोबरमध्ये जरा सुकतंय तोवर परीक्षा, मग गॅदरिंगचा मांडव त्याच कोर्टावर, मग पीटी सर म्हणणार आता पुढच्या वर्षी. टीम बांधायला उरतं काय? छप्पर असलेलं कोर्ट शाळेला म्हणजे स्वप्नच. 2023 च्या नॅशनल गेम्सला बास्केटबॉल नावेलीच्या इनडोअर स्टेडियममध्ये झालं, भारी जागा आहे, पण गावातली पोरं रोज तिथे कशी जाणार, बस कुठाय!

तुमच्याकडे न्यू कॅसल नावाच्या गावात हायस्कूलच्या जिममध्ये आठ हजारांवर माणसं बसतात असं वाचलं, खरं का रे? जाऊन आलास तर सांग. आणि ते मिलन, 161 मुलांची शाळा, 1954 ला मन्सी सेंट्रल या मोठ्या शाळेला 32-30 नी हरवून राज्यात पहिली, त्यांचा तो खेळाडू प्लंप म्हणे चार मिनिटं बॉल नुसता हातात धरून उभा! आपल्या सरांनी कानफटात दिली असती. मला हेवा त्या जिमचा नाही, तिथे गाव शाळेला आपली टीम मानतं त्याचा आहे. आपल्याकडे गावाची टीम म्हणजे क्लब, शाळा जिंकली काय हरली काय, तिंट्यावर, म्हणजे गावच्या चौकात, कोणी विचारत नाही. तरी तिकडेही छोट्या शाळा एकत्र केल्या, 1997-98 पासून पटसंख्येप्रमाणे वेगवेगळे गट पाडले, म्हणजे मिलनसारख्या शाळेला मोठ्यांना पाडायची संधीच गेली. हे मला मुळीच पटलं नाही. इथेही सरकारी मराठी प्राथमिक शाळा पोरं नाहीत म्हणून बंद पडतायत, मग हायस्कूलात येणार कोण आणि खेळणार कोण.

बरं, कामाचं. आपल्या टीमचा तो ब्लॅक अँड व्हाइट फोटो तुझ्याकडेच असणार, ज्यात बोर्ड फळ्यांचा आहे आणि जाळी नाहीच. स्कॅन करून पाठव, मोबाईलनी काढू नकोस, छपाईत घाण येतो. मागे उभे असलेल्यांची नावं आठवतील तेवढी लिही, डावीकडून तिसरा कोण त्यावरून इथे भांडण चाललंय. चतुर्थीच्या आधी मजकूर प्रेसला द्यायचाय, तेव्हा उशीर केलास तर तुझ्या नावाने काहीही छापीन.

वहिनींना नमस्कार, पोरीला गोड पापा.

तुझाच,
दाद्या