टीबीचं औषध फुकट देता साहेब, ते कसं घ्यायचं तेही सांगा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

मी फार्मासिस्ट आहे, नागपुरात एका औषधाच्या दुकानात काउंटरवर असतो. टीबीच्या गोळ्या सरकारी सेंटरवर फुकट मिळतात त्यामुळे त्या घ्यायला आमच्याकडे कमीच लोक येतात, पण त्या गोळ्यांबद्दल काही समजलं नाही की विचारायला मात्र आमच्याकडेच येतात, कारण दुकान घराजवळ असतं आणि लाईन लावावी लागत नाही. फुकट औषध ही सरकारची मोठी गोष्ट आहे, पेशंटला दर महिन्याला मिळणारे पोषणाचे ५०० चे १००० रुपये केले नोव्हेंबर २०२४ पासून, तेही चांगलंच केलं. पण पेशंटच्या हातात स्ट्रिप पडते आणि बोलणं तिथंच संपतं, हे मी रोज बघतोय.

आता बघा, एका गोळीत चार औषधं असतात, आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. दोन महिने ह्या, मग चार महिने तीन औषधांच्या. रोज घ्यायच्या आणि वजनाप्रमाणे, म्हणजे ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ ला चार, अन् त्या सगळ्या एकाच वेळी. रिफाम्पिसिन रिकाम्या पोटी नीट लागू पडतं, जेवणाच्या तासभर आधी नाहीतर दोन तासांनंतर. हे कुणी नीट सांगितलं नसलं की माणूस सकाळी तर्री पोहे खाऊन वरून गोळ्या घेतो, कुणी तीन गोळ्या सकाळ-दुपार-रात्र अशा वाटून घेतो कारण बाकीची औषधं तशीच असतात, आणि पोटात जळजळ झाली की अँटासिडची बाटली घेऊन जातो. बऱ्याच अँटासिडमध्ये ॲल्युमिनियम असतं, ते सोबत घेतलं की आयसोनियाझिड अंगात कमी जातं, मधे दोन तास तरी सोडले पाहिजेत. मळमळ फारच होत असेल तर हलकं खाऊन घ्यायची सोय डॉक्टर करून देतात, पण त्यासाठी आधी त्यांना विचारायला तर पाहिजे.

एक काकू आल्या होत्या, पदराच्या टोकात स्ट्रिप बांधलेली. म्हणाल्या, "भाऊ, ह्याईची लघवी लाल होऊन रायली, म्या गोळ्या बंद करून टाकल्या." मी समजावलं की काकू, रिफाम्पिसिननं लघवी केशरी-लाल होतेच, घामाला अन् डोळ्याच्या पाण्यालाही रंग येतो, त्यात घाबरायचं काही नाही, गोळ्या सुरू ठेवा. पण साहेब, खरी अडचण इथून पुढे आहे. नुसतं "लाल होतंच" एवढं सांगून सोडलं तर उद्या कावीळ झाली तरी ती गडद लघवी माणूस त्यातच धरणार. ह्यातल्या तीन औषधांचा लिव्हरला त्रास होऊ शकतो. डोळ्याचा पांढरा भाग पिवळा दिसला, उलट्या थांबत नाहीत, अन्नावरची वासनाच गेली, तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, आणि दारू तर ह्या काळात पूर्ण बंद. घाबरायचं कधी नाही अन् पळायचं कधी, हे दोन्ही एकाच वेळी सांगावं लागतं, अर्धं सांगितलेलं जिवावर बेततं.

तसंच डोळ्यांचं. इथॅम्ब्युटॉलनं नजर धूसर व्हायला लागली किंवा लाल-हिरवा रंग ओळखू येईना तर तडक सांगायचं, चष्म्याचा नंबर वाढला म्हणून थांबायचं नाही. हातापायाला मुंग्या आल्या तर तेही सांगायचं, त्यावर व्हिटॅमिन बी-६ ची गोळी असते. शुगरच्या काही गोळ्यांचा असर रिफाम्पिसिननं कमी होतो. गर्भनिरोधक गोळ्यांचाही होतो, आणि हे आमच्या बायाबापड्यांना कुणीच सांगत नाही, त्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. एका दिवशी गोळी राहिली तर आठवल्याबरोबर घ्यावी, दुसऱ्या दिवशी डबल घेऊ नये.

अजून एक, आमचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, टिनाच्या घरात गोळ्या खिडकीत, नाहीतर कूलरच्या बाजूच्या फळीवर ठेवलेल्या असतात. ऊन आणि ओल दोन्ही ह्या गोळ्यांना चालत नाही, अन् लोक तर सोयीसाठी सगळ्या फोडून डबीत काढून ठेवतात. स्ट्रिपमध्येच, सावलीत, कोरड्या जागी ठेवा एवढं एक वाक्य आहे, तेही कुणी बोलत नाही.

सेंटरवरच्या लोकांना मी दोष देत नाहीये, त्यांच्यावर नोंदीचं, निक्षयच्या म्हणजे टीबी पेशंटच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीच्या एन्ट्रीचं ओझं खूप आहे. म्हणूनच तुम्हाला मागतोय. पहिल्या स्ट्रिपसोबत एका पानाचा मराठी कागद द्या, मोठ्या अक्षरात, चित्रांसह, वाचता न येणाऱ्यालाही समजेल असा, त्यावर १८००-११-६६६६ हा हेल्पलाइन नंबर ठळक छापा. तो कागद पेशंटला आणि घरच्या एका माणसाला बसून समजावून सांगणं हे कुणाच्या तरी ड्युटीत लिहून द्या, आणि आम्हा औषधवाल्यांनाही त्याची प्रत पाठवा, आम्ही काउंटरवर लावू. दर महिन्याला वजन करून गोळ्या बरोबर आहेत का तेही बघायला लावा. डिसेंबरात अधिवेशनाला नागपूरला आलात की ह्याचा जीआर काढून जा, एवढीच मागणी आहे.

आपला,
नागपूरचा एक फार्मासिस्ट