चिमणीचा आकडा बघून भागत नाही

महोदय,

आमच्याकडे मोहोर करपला की पहिलं बोट औष्णिक प्रकल्पाच्या चिमणीकडे जातं (कारणं बरीच असतात, हवामान पण आहेच), मग कोणीतरी मोबाईलवर आकडा दाखवतं की बघा नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेत आहे, आणि विषय तिथेच मिटतो. मी काही वर्षं परदेशात कोळशाच्या प्लांटात शटडाउनची कामं केली म्हणून कळकळीने सांगतो, त्या एका आकड्यावर विसंबू नका.

जिथे एससीआर (धुरातला नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा) असतं तिथे धुरात अमोनिया सोडतात आणि साडेतीनशे डिग्रीच्या आसपासचा तो धूर कॅटॅलिस्टच्या, म्हणजे ही रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या ठोकळ्यांच्या, चौकोनी भोकांतून जातो, की नायट्रोजन ऑक्साइडचा साधा नायट्रोजन आणि पाणी होतं. पण राखेने भोकं बुजतात, कोळशातलं आर्सेनिक कॅटॅलिस्ट हळूहळू मारतं, आणि चिमणीवर यातलं काही दिसत नाही कारण अमोनिया थोडा वाढवला की आकडा परत जागेवर! तो जादा अमोनिया मग पुढे निसटतो, एअर प्रीहीटरच्या (बॉयलरमध्ये जाणारी हवा तापवणाऱ्या यंत्राच्या) पत्र्यांवर चिकट थर धरतो, तो थर आम्ही प्रेशरच्या पाण्याने तासन्‌तास धुतलाय. बाकीचा राखेत मुरतो. ती राख सिमेंटात कालवून पाणी पडलं की असा वास सुटतो की डोळे चुरचुरतात.

आम्ही मोठ्या शटडाउनला टॉर्च घेऊन आत शिरायचो, उजेड मारून किती भोकं आरपार दिसतात ते मोजायचं, एक तुकडा काढून लॅबला पाठवायचा, नव्याच्या तुलनेत त्यात किती जोर उरलाय ते बघूनच कॅटॅलिस्टचा थर कधी बदलायचा ते ठरायचं.

केंद्राच्या डिसेंबर २०१५ च्या नियमात २०१७ पासूनच्या युनिटना नायट्रोजन ऑक्साइडसाठी धुराच्या घनमीटरमागे १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, २००३ ते २०१६ मधल्यांची ३०० होती ती पुढे ४५० केली, आणि आमच्या जयगडच्या औष्णिक प्रकल्पाचे ३०० मेगावॅटचे चारही युनिट त्याच काळातले. उद्या मर्यादा कडक झाली आणि कोकणात एससीआर आलं तर नुसतं बसवलं म्हणून हार घालू नका. डहाणूच्या औष्णिक प्रकल्पात तिथल्या पर्यावरण प्राधिकरणाने पिच्छा पुरवला तेव्हा कुठे २००७ मध्ये गंधकाचा धूर धुणारी यंत्रणा आली. तसंच इथे परवानगीतच लिहून घ्या की निसटणाऱ्या अमोनियाचा आकडा चिमणीच्या आकड्याशेजारी दाखवायचा, कॅटॅलिस्टचा लॅब रिपोर्ट प्रदूषण नियंत्रण मंडळाने वेबसाइटवर टाकायचा, आणि त्याची मराठी प्रत आसपासच्या ग्रामपंचायतींना द्यायची.

एक वाचक, रत्नागिरी