सावकार, तुम्ही फाडून दिलेली ती पट्टी

आदरणीय सावकार,

सप्रेम नमस्कार, आणि आमच्या पद्धतीचा सलामही.

नाव कुठं लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं सावकार लिहिते. बेळगावच्या मार्केट यार्डात रताळ्याचा सौदा पुकारताना ज्यांनी तुमचा आवाज ऐकलाय ते ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. भातकापणी उरकली की आमच्या चर्चमध्ये उपकारस्तुतीचा सण होतो. ज्याच्या घरी जे पिकलं ते वेदीपुढं येतं: भात, नाचणी, रताळी, एखादा कोंबडा, लोणच्याची बरणी. उपासना झाली की आवारात त्याचा लिलाव. पैशाचे तीन वाटे होतात. एक गावातल्या आजाऱ्यांना आणि पोरांच्या फीला, दुसरा खानापूरकडच्या वाड्यांतल्या सेवाकार्याला, तिसरा परदेशातल्या मिशनला. तिसऱ्यावर दरवर्षी कोणीतरी कुरकुरतंच, 'आपलंच छप्पर गळतंय, परदेश कशाला?' लंडन मिशनरी सोसायटीची माणसं 1820 साली बेळगावात आली आणि 1904 मध्ये ते काम मेथडिस्टांकडं गेलं, तोवर ते तिकडच्या मंडळ्यांच्या वर्गणीवर चाललं. त्यांचीही छपरं गळत असतील की.

लिलावाला आजवर शहरातली मोठी माणसं बोलवायची पद्धत होती. शाल, गुच्छ, मग माईक हातात आला की भाषण. नंतर एखाद्या भोपळ्याला भली मोठी बोली, टाळ्या, फोटो. भोपळा लगेच गाडीत जायचा आणि पैसे 'उद्या पाठवून देतो'. खजिनदार मी. असल्या बोल्या माझ्या वहीत अजून पेन्सिलीनं लिहिलेल्या आहेत, शाई लावायची वेळच आली नाही.

यंदा तुम्ही आलात. शाल पुढं केली तर 'थंडी कुठाय?' म्हणालात आणि टॉवेल खांद्यावर टाकून थेट मालाकडं गेलात. रोख तिथल्या तिथं, उधारी नाही, हे पहिल्याच पोत्याला सांगून टाकलंत. बोली मराठीत आली तर मराठीत, कानडीत आली तर कानडीत पुढं नेलीत. आपल्याकडं दुकानाच्या पाटीवरून डोकी फुटतात, पण त्या दिवशी कुणी हूं की चूं केलं नाही.

पण पत्र लिहायला बसले ते त्या कुळथासाठी. आमच्या मंडळीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी डब्यातून वाटीभर कुळीथ आणले होते. एकट्या राहतात, परड्यात पेरतात. असलं किरकोळ दरवर्षी एका ढिगात जातं आणि शेवटी कुणीतरी उचलून नेतं. तुम्ही डबा उघडलात, कुळीथ तळहातावर घेतले, फुंकर मारलीत, आणि यार्डात नमुना दाखवतात तसा तो हात पहिल्या रांगेपुढून फिरवलात. 'गावठी माल, खडा नाही. बोला!' भाताच्या पोत्याला होता तोच आवाज. मग माणसं बोलायला लागली. बायबलातल्या गरीब विधवेनं दानात टाकलेल्या दोन टोल्यांवर, म्हणजे दोन क्षुल्लक नाण्यांवर, मी लहानपणापासून उपदेश ऐकत आलेय. तुम्हाला ती गोष्ट ठाऊकही नसेल.

तेवढ्यावर थांबला असतात तरी चाललं असतं. तुम्ही खिशातून पट्टीबुक काढलंत, विकलेल्या मालाच्या हिशेबाची पावती ज्यातून फाडून देतात ते, मालधन्याच्या जागी आजींचं नाव घातलंत, माल कुळीथ, वजन एक वाटी, भाव, हमाली शून्य, तोलाई शून्य, दलाली शून्य, खाली सही. चालत त्यांच्यापाशी गेलात आणि म्हणालात, 'आजी, चांगल्या भावानं गेला माल. ही पट्टी.' रिकामा डबाही हातात दिलात. आजींना वाचता येत नाही. शेजारणीकडून त्यांनी ती पट्टी दोनदा वाचून घेतली, शून्यांसकट. त्यांच्या नावाची पट्टी आजवर कुणी फाडली नव्हती. सध्या ती त्यांच्या बायबलमध्ये आहे, आणि घरी गेलेल्या प्रत्येकाला दाखवली जाते. पाळकसाहेबांनाही सुटका नाही.

दलालीचं विचारलं तर म्हणालात, 'आई मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात बरी झाली. ते कुणाच्या भोपळ्यावर उभं राहिलं कुणास ठाऊक.' डॉक्टर वॉनलेसांचं ते हॉस्पिटल 1894 चं. आपल्या चिकोडी-कागवाडकडची माणसं एके काळी तिकडंच धावायची. तिसऱ्या वाट्यावर कुरकुरणारे त्या वेळी तुमच्या मागंच उभे होते आणि गप्प होते, हे मी मुद्दाम बघून घेतलं.

हिशेब सगळा शाईत झालाय. तिन्ही वाटे निघाले, तिसराही.

पुढच्या सणाची तारीख भात कधी हाती येतं त्यावर ठरेल. ठरली की मुलगा यार्डात येऊन सांगून जाईल. आजींनी परड्याची एक ओळ कुळथाला वाढवलीय, तेव्हा पट्टीबुक आणायला विसरू नका. आणि या खेपेला जेवून जायचं. गेल्या वेळी तसेच निघालात, बायका अजून मला बोलतात.

तुमची,
महिला संघाची खजिनदार