ताई, ‘कॉलम’चं गणित उलगडून दाखवल्याबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रामच्या फॉर्मवरचा कॉम्बो बॉक्स (खाली उघडणारी यादी) कोडमधून वाचायचा कसा, हे तुम्ही इतक्या निगुतीनं समजावलंत की जाहीर आभार मानल्यावाचून राहवत नाही. नुसती कोडची ओळ हातात ठेवणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही ती ओळ तशी का, हे सांगितलंत.

बिलाच्या फॉर्मवरची मालाची यादी घेऊ. तिच्यात चार कॉलम आहेत: मालाचा क्रमांक, नाव, दर आणि कराचा टक्का. दर हा तिसरा कॉलम, पण कोडमध्ये लिहायचं ‘कॉम्बोमाल.कॉलम(२)’ (कॉम्बोमाल हे त्या यादीचं नाव), कारण कॉलमची मोजणी शून्यापासून. प्रॉपर्टी शीटमधल्या ‘बाउंड कॉलम’ची, म्हणजे टेबलात साठवल्या जाणाऱ्या कॉलमची, मोजणी मात्र १ पासून. तिथे चुकून शून्य टाकलं, तर क्रमांकाऐवजी ओळ यादीत कितवी आहे तो आकडा टेबलात जातो. एरर येत नाही, आणि महिन्याभरानं भलत्याच मालाची बिलं निघालेली दिसतात. ही दोन मोजमापं तुम्ही शेजारी मांडून दाखवलीत, याचे आभार सर्वात आधी.

‘कॉलम काउंट’, म्हणजे यादीत किती कॉलम घ्यायचे तो आकडा, त्याबद्दलचा इशाराही तितकाच मोलाचा. यादीला माल पुरवणाऱ्या क्वेरीत चार फील्ड आहेत, पण काउंट २ ठेवला, तर कॉलम(२) नल, म्हणजे ‘काहीच नाही’, देतो. डोळ्यांआड करायचा कॉलम काउंटमधून काढायचा नाही, त्याची रुंदी शून्य करायची. काहीच निवडलेलं नसेल तेव्हाही नलच मिळतो, म्हणून वाचताना नलऐवजी शून्यासारखी किंमत देणारं एनझेड फंक्शन लावायचं.

सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते हे, की कॉलममधून येणारं मूल्य मजकूर असतं, टेबलात फील्ड चलनाचं असलं तरीही. गुणाकार केला तर ॲक्सेस आपणहून आकडा करून घेतो, त्यामुळे दोष झाकला जातो. पण दोन कॉलम अधिक चिन्हानं जोडले की १०० आणि २० यांचे १००२० होतात, आणि तुलनेत ९५० हे १२०० पेक्षा मोठे ठरतात. आधी नल हाताळून मग मजकुराचं चलन, पूर्णांक किंवा तारीख करणारं सीकर, सीलाँग किंवा सीडेट लावायचं, हा तुमचा क्रम आम्ही जसाच्या तसा पाळतो.

दर नुसता दाखवायचा की साठवायचा, हा प्रश्न तुम्ही वेगळा काढलात. टेक्स्ट बॉक्सच्या कंट्रोल सोर्समध्ये (त्यात काय दिसावं ते ठरवणारी जागा) ‘=[कॉम्बोमाल].[कॉलम](२)’ लिहिलं तर दर दिसतो, पण साठवला जात नाही. उद्या मालाचा भाव बदलला की जुनं बिलही नव्या भावानं उघडतं. बिलाच्या बाबतीत हे चालणारच नाही. तिथे ‘आफ्टर अपडेट’मध्ये, म्हणजे माल निवडल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये, दर बिलाच्या स्वतःच्या फील्डमध्ये उतरवायला हवा. पुरवठादाराचा फोन नंबर मात्र नुसता दाखवलेला बरा, कारण तो आजचाच हवा असतो.

लिस्ट बॉक्सबद्दल, म्हणजे फॉर्मवर उघडीच असणाऱ्या यादीबद्दल, थोडक्यात. ‘मल्टी सिलेक्ट’ (एकाहून जास्त ओळी निवडण्याची सोय) चालू केलं की त्याची व्हॅल्यू नल राहते, एकच ओळ निवडली तरी. मग ‘आयटम्स सिलेक्टेड’, म्हणजे निवडलेल्या ओळींचा संच, त्यावर लूप फिरवून कॉलमच्या कंसात दुसरा आकडा म्हणून ओळ द्यायची. बाउंड कॉलमच हवा असेल तर ‘आयटम डेटा’ पुरतो. क्रमांक स्वल्पविरामानं जोडून क्वेरीच्या अटीतल्या ‘इन’च्या कंसात घालण्याआधी निवडलेल्यांची संख्या शून्य नाही ना, हे पाहायचं. ‘कॉलम हेड्स’ (यादीवरची शीर्षकं) चालू असतील आणि सगळी यादी वाचायची असेल, तर ओळ ० म्हणजे शीर्षक, माल १ पासून.

आणि सेव्ह केलेल्या क्वेरीच्या अटीत फॉर्मवरचा कॉलम(२) थेट लिहिला की ‘अनडिफाइन्ड फंक्शन’ ही एरर येते, त्यावरचा तुमचा तोडगा आता आमच्या प्रत्येक रिपोर्टमागे आहे: फॉर्मवर एक अदृश्य टेक्स्ट बॉक्स, त्यात कॉलमचं सूत्र, आणि क्वेरीत त्या बॉक्सचं नाव.

ताई, इतकं बारकाईनं सांगायला वेळ काढलात, मनापासून धन्यवाद.

आपले ऋणी,
बिलाचे फॉर्म बांधणारे आम्ही सगळे